हम्मामात भेटलेली दाभोळकरीण

बहारीनमधल्या सनद भागात लेकाच्या, विनीतच्या इमारतीत पाण्याचा पंप बंद पडला त्याला तिसरा दिवस उजाडला होता आणि हेमाच्या केसांचा अगदी सुंभ झाला होता.

दाभोळहून निघून तिला बारा दिवस झाले होते. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदा विमानात बसली, पहिल्यांदा परमुलखात आली. आल्या दिवसापासून तिला इथलं सगळं आवडून गेलं होतं. भट्टीतून निघालेली गरम खुबूस रोटी, बाजारातली टोपलीएवढी मासळी, जानेवारीतली गार हवा, एसी दुरुस्तीच्या कंपनीत लेकाला मिळणारा मान, सगळं. आवडलं नव्हतं ते फक्त पाणी. नळाला येणारं ते मचूळ पाणी साबणाला फेसच येऊ देत नसे. आणि आता तर तेही नव्हतं. कॅनमधलं पाणी तांब्यातांब्याने अंगावर घ्यायचं, त्याला का अंघोळ म्हणतात?

शुक्रवारी सकाळी सुनेने, मनालीने, तिच्या विंचरण्याची ओढाताण पाहिली आणि म्हणाली, "आई, आज मला सुट्टी आहे. आपण हम्मामला जाऊ या."

"हमाम? अगं, साबण आहे की घरात. पाणी नाहीय."

मनाली हसत सुटली. मग तिने समजावून सांगितलं, की हा साबण नाही, नईम भागात बायकांचं एक जुन्या पद्धतीचं स्नानघर आहे. गरम पाणी हवं तेवढं. वाफ असते, अंग चोळून देणारी बाई असते. तिच्या दवाखान्यातल्या अरब मैत्रिणी महिन्यातून एकदा जातात.

"म्हणजे परक्या बाईकडून अंग चोळून घ्यायचं? चारचौघींत?"

"सगळ्या बायकाच असतात, आई."

"त्याचीच तर लाज वाटते," हेमा म्हणाली. पण बोलता बोलता तिने पिशवीत धुतलेला परकर घातला होता.

विनीतने दोघींना गाडीने सोडलं. नईमच्या एका अरुंद गल्लीत शिंप्याच्या आणि किराण्याच्या दुकानांमध्ये एक निळं दार होतं, दारावर जाड पडदा. पडद्याआड गेल्यावर बाहेरचा उजेड एकदम मागे राहिला. भिंतीलगत गाद्या घातलेले लाकडी कट्टे, कोपऱ्यात उकळता चहा, आणि अंगाला नुसते पंचे गुंडाळून ऐसपैस बसलेल्या बायका. कुणी संत्रं सोलत होती, कुणी पाय पसरून डोळे मिटून पडली होती. बाहेर रस्त्यावर याच बायका काळ्या पायघोळ अबायात डोळ्यांपुरत्या दिसल्या असत्या. इथे मात्र थोरल्या पोटांच्या, वाळक्या दंडांच्या, बाळंतपणाच्या खुणा मिरवणाऱ्या साऱ्याजणी आपल्या घरच्या पडवीत असल्यासारख्या निवांत होत्या.

ते पाहून हेमाची अर्धी भीड तिथेच गेली. राहिलेली अर्धी तिने परकरात बांधली. विहिरीवर बांधतात तसा परकर छातीशी घट्ट आवळला, पायात तिथल्या लाकडी खडावा चढवल्या आणि खडाड खडाड करत ती मनालीमागून आत गेली.

आत वाफच वाफ. समोर धरलेला हात दिसेना. वरच्या घुमटाला बशीएवढाली भोकं होती, त्यांना रंगीत काचा बसवलेल्या. त्यातून उतरलेले हिरवे-तांबडे कवडसे वाफेत नुसते तरंगत होते. फरशी तळव्यांना ऊबदार लागत होती. कुठेतरी दगडी कुंडात पाणी धो धो पडत होतं, आणि तो आवाज ऐकूनच हेमाला बरं वाटायला लागलं.

तेवढ्यात वाफेतून एक दणकट बाई प्रकट झाली. दंड असे, की दोन घागरी कमरेवर नि एक डोक्यावर सहज न्यावी. "मुनीरा," तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून नाव सांगितलं. मग हेमाच्या परकराच्या गाठीकडे बोट दाखवून खो खो हसली, पण गाठीला हात लावला नाही. "यल्ला, मामा," म्हणजे चल, आई, असं म्हणत तिने हेमाला गरम दगडी ओट्यावर पालथं निजवलं.

आधी पितळी वाडग्यातून गरम पाणी. वाडग्यामागून वाडगा. हेमाने डोळे मिटले. मग काकवीसारखा काळा, मऊ साबण पाठीवर फासला गेला. हेमाला वाटलं, हे तर फारच छान. आणि मग मुनीराने हातात खरखरीत मोजा चढवला.

पहिल्याच हाताला हेमा किंचाळली. मनालीसमोर ती एरवी जपून, पुस्तकातलं मराठी बोलायची, ते सगळं त्या क्षणी वाफेत विरघळून गेलं.

"अगो आयशी गो! सोलून काढतेय की काय गो ही मला! अगो बाय, मी काय तिसऱ्यांची शिंपली हाय खरवडायला?"

मनाली घाबरून उठली. मुनीराने हात थांबवला. आणि पलीकडच्या ओट्यावरून, वाफेच्या पडद्याआडून, एक घोगरा आवाज आला.

"खरवडूं दे गो. वर्साचा मळ हाय, असा तसा नाय निघायचा."

हेमाने मान वर केली. बहारीनच्या गल्लीत, अरबांच्या न्हाणीघरात, खाडीकाठची बोली! आधी तिला आनंद झाला, मग मळाचा उल्लेख लक्षात येऊन राग आला.

"माझ्या मळाची तुला गो कशाला उठाठेव? रोज दोन टायमाला न्हाणारी बाई मी."

"मग बोंबलतेस कशाला? दाभोळच्या बायकांसारखी?"

"दाभोळचीच आहे मी! दाभोळच्या बायकांना नावं ठेवायची नाहीत!"

मग तोच आवाज, आता जरा सावकाश, "दाभोळात कुणाची?"

"मयेकरांची. बंदरावरच्या. आणि तू गो?"

"परकारांची," आवाज म्हणाला. "मयेकरांची कोण? त्यांच्यात एक हेमी होती. लय भांडकुदळ."

हेमा ओट्यावर उठून बसली. साबणाने माखलेली, एक खांदा चोळून लाल झालेला, केस तोंडावर. परकारांच्या घरात तिला अशी तोंडावर भांडकुदळ म्हणणारी एकच पोर होती. एकाच विहिरीवर दोघी पाणी भरत, एकाच खाडीत ओहोटीला गुडघाभर चिखलात कालवं काढत. ती उर्दू शाळेत, ही मराठी शाळेत, आणि शाळा सुटली की दोघी एकत्र. एकतीस वर्षांपूर्वी, अठराव्या वर्षी, बहारीनच्या कापड व्यापाऱ्याशी लग्न होऊन ती बोटीने निघून गेली होती.

"जुबी?" हेमाने विचारलं.

वाफेतून एक जाडजूड बाई खडावा न घालताच धावत आली. चेहरा ओळखू येत नव्हता. केस मेंदीने तांबूस झालेले, हनुवटीखाली वळ्या. पण हसल्यावर समोरचा अर्धा तुटका दात दिसला. तो दात मयेकरांच्या दगडी गडग्यावरून उडी मारताना तुटला होता, आणि उडी मारायची पैज हेमानेच लावली होती.

दोघींनी मिठी मारली, पण साबणामुळे मिठी काही टिकेना. एक इकडे घसरे, एक तिकडे. जुबैदा रडत होती, हेमा हसत होती, मग उलट झालं. मुनीराला वाटलं, मारामारी लागली. "मफी मुश्किल, मफी मुश्किल!" काही बिघडलं नाही, असं अरबीत ओरडत ती दोघींच्या मध्ये पडायला आली. मनालीने कसंबसं तिला हिंदीत, खुणांनी समजावलं. समजल्यावर मुनीराने तोंडाशी हात नेऊन जीभ लवलववत अशी काही आनंदाची आरोळी ठोकली, की बाहेरच्या बायका चहा टाकून आत आल्या आणि त्यांनीही तीच आरोळी ठोकली. सगळा घुमट दणाणून गेला.

आणि मग, त्या गलबल्यातच, हेमाला आठवलं. तिने जुबैदाच्या दंडावरचा हात काढून घेतला.

"मी तुला दोन पत्रं धाडली होती," ती म्हणाली. "माझं लग्न झाल्यावर. एकाचं उत्तर नाही दिलंस."

जुबैदा तिच्या शेजारी ओट्यावर बसली. "हेमी, मला तुझं मराठी वाचता येत होतं काय? मी उर्दू शिकलेली. पहिलं पत्र आलं, मी घरभर नाचले. आमच्या दुकानात एक कारकून होते, गुहागरचे, म्हातारे. सासऱ्यांनी त्यांना बोलावलं. सासू, सासरे, दोन जावा, सगळे ऐकायला बसले. त्यांनी चष्मा लावला नि वाचायला घेतलं. प्रिय जुबी, मी खुशाल आहे. तू निघताना सांगितलं होतंस, की माझं लग्न झालं की पहिल्या रात्रीचं सगळं तुला कळवायचं..."

हेमाचा हात तोंडावर गेला.

"पुढे दोन ओळी ते मनातल्या मनात वाचत गेले," जुबैदा सांगत होती. "मग कानापर्यंत लाल झाले. खोकले. म्हणाले, पुढचं अक्षर लागत नाही."

"अगो बाय! मी सगळं लिहिलं होतं गो त्यात!"

"ते म्हाताऱ्याच्या तोंडावर दिसत होतं! सासू समजली. त्या दिवसापासून दाभोळची पत्रं बंद. दुसरं आलं ते मी कुणाला दाखवलंच नाही. म्हटलं, पहिल्यात एवढं, तर दुसऱ्यात काय असेल!"

आता हेमाला हसू आवरेना. पोट धरून ती ओट्यावर आडवी झाली, हसता हसता तिला ठसका लागला, आणि मनाली पाठ चोळायला धावली तर तीही हसत होती. एकतीस वर्षांचा राग आणि त्याचं मूळ हे! गावात कुणी बहारीनचं नाव काढलं की ती तोंड फिरवायची. श्रीमंत झाली, विसरली, असं म्हणायची. आणि इथे बिचारी जुबी हेमाच्याच लिखाणापायी सासूचे टोमणे खात बसली होती.

मुनीराने दोघींचं राहिलेलं अंग घासून काढलं. आता हेमा ओरडली नाही. अंगावरून मळाच्या काळ्या वळ्या निघाल्या त्या जुबैदाने तिला मुद्दाम दाखवल्या, आणि हेमानेही जुबैदाच्या पाठीवरच्या दाखवल्या. मग केसांना तपकिरी माती लागली, मुलतानी मातीच्या बहिणीसारखी. शेवटी गुलाबपाण्याचा शिडकावा. बाहेर येऊन दोघी गादीवर टेकल्या तेव्हा हेमाचे केस रेशमासारखे सुटे झाले होते आणि अंग इतकं हलकं, की आपण बसलोय की तरंगतोय ते तिला कळेना.

"ते दुसरं पत्र," चहाचा घोट घेत हेमाने विचारलं, "फेकलंस?"

"कपाटात हाय. घर मागच्या गल्लीत. चल."

जुबैदाच्या घरी तिचा नवरा फारुख पेपर वाचत बसला होता. पाहुणी कोण ते जुबैदाने दोन वाक्यांत सांगितलं आणि त्याला मासळी आणायला पिटाळलं. "सुरमई आण, ताजी बघून! नि लवकर येऊ नको." दाराला कडी लावली. मनालीकडे पाहून हेमा जरा घुटमळली. "तू स्वयंपाकघरात जा बघू." मनाली गेली, पण दाराआडच उभी राहिली.

पत्र बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, दागिन्यांच्या खाली होतं. निळा कागद घडीवर विरला होता. हेमाने आपलंच एकोणिसाव्या वर्षीचं गोल गोल अक्षर पाहिलं. काय लिहिलं होतं, तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिने वाचायला सुरुवात केली.

पण या पत्रात तसलं काही नव्हतं. पाऊस उशिरा आला. तुमच्या शेळीला दोन करडं झाली. मला विलायती कापडाचा एक ब्लाउजपीस पाठव, निळा. आणि मग, "तुझी अम्मा रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसते. पत्र आलं का विचारते. तिने लिहायला सांगितलं आहे, की माझी गुडघेदुखी आता बरी आहे, काळजी करू नको. तिकडे थंडीत डोकं उघडं ठेवू नको. फणसाची पोळी केली आहे, तुझा वाटा डब्यात ठेवला आहे. तू कधीही ये, डबा मी उघडणार नाही."

हेमा थांबली. जुबैदाचे अब्बा पुढच्याच वर्षी घर विकून सगळ्यांना घेऊन मुंबईला गेले होते, आणि अम्मा तिथेच वारली होती. जुबैदाला जाता आलं नव्हतं.

"परत वाच," जुबैदा म्हणाली.

हेमाने परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिने अम्माचं बोलणं अम्मासारखंच, हेल काढून म्हटलं. जुबैदाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "अशीच बोलायची," ती म्हणाली. "अगदी अशीच. इतकी वर्सं ती माझ्या कपाटात बसली होती नि मी तिला बोलूच दिलं नाय."

दारावर थाप पडली. फारुख सुरमई घेऊन आला होता, आणि दाराआडून मनाली डोळे पुसत बाहेर आली. जुबैदाने पदर खोचला. तांदळाच्या भाकऱ्या थापायला दोघी बसल्या आणि फारुखला, मनालीला, नंतर न्यायला आलेल्या विनीतला, कुणालाच मध्ये बोलायला मिळालं नाही.

पुढचे दोन महिने हेमा सनदला नावापुरती राहिली, सगळा दिवस जुबैदाकडेच, आणि मग दाभोळला परतली. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या एसटीतून जुबैदा आणि फारुख दाभोळच्या बंदराजवळ उतरले. हेमा ऊन चढायच्या आधीपासून तिथे उभी होती. गल्लीतून जाताना म्हाताऱ्या बायका दारात येऊन डोळ्यांवर हात धरत होत्या नि विचारत होत्या, ही कोण गो? आणि जुबैदाने तोंड उघडायच्या आत प्रत्येक दारात हेमाच मोठ्याने सांगत होती, "परकारांची जुबैदा. आपली."