गुर्मेतची डावी बाजू

माघाचं कोवळं, केशरी ऊन डोंगरमाथ्यावरून उतरतं, उघड्याबोडक्या पॉपलरच्या रांगेतून वाट काढतं, आणि शारनोस गावाखालच्या गोठलेल्या तळ्याशी येऊन थबकतं. नीलशुभ्र, निःशब्द, निश्चल असं ते तळं. वर हिमधवल शिखरांचं कडं, खाली वज्रकठीण बर्फ, आणि मधल्या थरथरत्या थंडीत माणसांच्या श्वासांची वाफ. लडाखच्या हिवाळ्यात शेतं झोपतात, ओढे झोपतात, रस्ते झोपतात. जागी असते ती फक्त हॉकी.

आणि जागा असतो गुर्मेत.

फौजी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून तो पहिल्यांदा या बर्फावर उतरला, तेव्हा त्याची स्टिक म्हणजे विलोच्या झाडाची वाकडी फांदी होती, आणि चकती जुन्या चपलेच्या रबराची. तेव्हापासून त्याची जागा एकच, आपल्या गोलाच्या पुढे, डाव्या हाताला. गोल मारणारे आले, गाजले, फोटोंत झळकले, विसरले गेले. हा अडवणारा मात्र उरला. लेहचे संघ आले, फौजेचे आले, परदेशी पाहुणेही हौसेनं आले, आणि गुर्मेतच्या डाव्या बाजूवर डोकं आपटून परत गेले. खिंड निदान उन्हाळ्यात तरी उघडते, लोक कौतुकानं म्हणत, ही बाजू बारमाही बंद.

त्याची विद्या एकच होती, संशय. डोळे खोटं बोलतात. खांदे खोटं बोलतात. हवेत उगारलेली स्टिक तर सराईत लबाड. माणसाची छाती तेवढी पाहावी, ती वळेल तिकडेच माणूस जातो. कुणावर विश्वास ठेवला नाही म्हणून गुर्मेत मोठा झाला. ही विद्या बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावी, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नाही.

गेल्या हिवाळ्यापासून त्या संशयाला नवं खाद्य मिळालं. माणसं दबकत येऊ लागली. नेहमी डावीकडूनच. चुलीपाशी असलेली बायको, यांगडोल, एकदम खांद्याशी उभी दिसायची.

"चोरासारखी काय येतेस?"

"चोरासारखी? केव्हाची उभी आहे इथं!"

हल्ली ती लोणी-मिठाच्या चहाचा पेला उजवीकडेच ठेवी. का बरं? गुर्मेतनं विचारलं नाही. मनात धरून ठेवलं.

पण सगळ्यात दाट, सगळ्यात काळाकुट्ट संशय होता पुंचोकवर. पुंचोक त्याच्या जोडीचा बचावपटू, उजव्या बाजूचा. गुर्मेतनंच त्याला बोट धरून बर्फावर उभं केलेलं. आणि आता हाच पुंचोक सामन्यात डावीकडे सरकायचा. हळूच सरकायचा, पुन्हा सरकायचा, गुर्मेतच्या पुढ्यातून चकती उचलून न्यायचा. कपडे बदलायच्या तंबूत पोरांशी कुजबुजायचा, आणि गुर्मेत आत आला की सगळ्यांना एकाच वेळी बुटांच्या नाड्या आठवायच्या. कुठंतरी पाणी मुरत होतं. पोरगा आपल्या जागेवर टपलाय, गुर्मेतची खात्री झाली, आणि ती खात्री त्याला आतून पोखरू लागली. कारण त्या जागेवाचून तो कोण होता?

वरच्या खोऱ्याच्या संघाशी अंतिम सामना होता. बरोबरी झाली होती, शेवटचा डाव उरला होता. गुर्मेतनं पुंचोकच्या जर्सीची कॉलर धरली.

"तुझी बाजू उजवी. डावीकडे पाऊल टाकलंस, तर आधी तुलाच आडवा करीन."

"आचो, माझं ऐका तरी..." थोरल्या भावाला म्हणावं तसं तो गुर्मेतला आचो म्हणे.

"पुरे. मी मेल्यावर घे ती जागा."

पुंचोकनं स्टिक उचलली. मग म्हणाला, "बरं, आचो."

शिट्टी झाली. पाती करकरली, हिमकण उडाले, उन्हात झगमगले. समोरचा गडी आला, त्याची छाती उजवीकडे वळली, गुर्मेत सरसावला. काठावरून गाव ओरडलं, "डावीकडे! डावीकडे!" डावीकडे? तिकडे कुणीच नव्हतं. गुर्मेतला तसं दिसत होतं, स्वच्छ दिसत होतं. आणि पाठीमागची जाळी थरारली.

तो गर्रकन वळला. हाताच्या अंतरावर पिवळ्या जर्सीतला एक गडी स्टिक उंचावून नाचत होता. तो लपून आला नव्हता. दबकत आला नव्हता. भर उन्हात, सरळ रेषेत, साऱ्या गावादेखत आला होता. पुंचोक आपल्या बाजूला सांगितल्यासारखा उभा होता, आणि त्याच्या पापण्यांवर पाणी गोठत होतं.

गुर्मेतनं डावा हात बाजूला पसरला. बोटं दिसेनात. हात हळूहळू पुढे आणला, आणखी पुढे आणला. पार नाकासमोर आला तेव्हा कुठं तो दिसला.

"केव्हापासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी तुम्ही स्टिक ठेवली असती." पुंचोक म्हणाला. "तुमच्याशिवाय आम्हाला खेळायचं नव्हतं, आचो."

गुर्मेतला लाज वाटली. कानशिलं तापवणारी, बर्फानंही न निवणारी लाज. ज्याला तो चोर समजत होता, तो हिवाळाभर पहारा देत होता. आणि लाजेच्या तळाशी भीती होती, काळी, गारठलेली भीती. त्या बाजूला आता काहीच नव्हतं, आणि तिथं काही नाही हेही त्याला कळलं नव्हतं.

खेळ थोडा उरला होता. गुर्मेत सावकाश घसरत गेला आणि उजव्या हाताला जाऊन उभा राहिला.

"डावीकडे तू," तो म्हणाला.

शिट्टी झाली. त्याच्या डाव्या अंगाला रंग नव्हता, रेष नव्हती, माणूस नव्हता. तिथून नुसती पात्यांची करकर येत होती, जवळ, अगदी जवळ. ती पुंचोकचीच आहे का, हे बघायला गुर्मेतनं मान वळवली नाही.