मधला शब्द

इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत एक शिरस्ता होता. अर्थ आणि व्युत्पत्ती कचेरीत लिहायची, उदाहरणाचं वाक्य मात्र घरून आणायचं. कचेरीतल्या मंडळींच्या प्रत्येक वाक्यात चहा नाहीतर बढती डोकवायची, म्हणून साहेबांनी हा नियम काढला होता. सहसंपादकांची चैन होती. त्यांची बायको इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. ते शब्द वाचत, ती भाजी निवडता निवडता वाक्य टाकत असे. आता ती पडल्या पडल्या टाकायची.

आज 'इमेडिकेबल' आला होता. अर्थ : औषधाने बरा न होणारा, असाध्य. आजाराला लागतो, तसाच स्वभावालाही. मूळ लॅटिन, 'बरं करणं' या क्रियापदाला पुढून नकार जोडलेला; 'मेडिसिन'च्याच घराण्यातला, पण वाया गेलेला. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी बायकोबद्दल हेच सांगितलं होतं, फक्त लांबण लावून. सहसंपादकांनी घरी त्याचं भाषांतर 'थोडा अशक्तपणा' असं केलं होतं.

"इमीजिएट," त्यांनी वाचलं. वाक्य मिळालं. "इमेमोरियल."

"अहो, मधला कुठे गेला?"

"कुठला मधला?"

"जन्मभर मुलांना डिक्शनरी बघायला लावलीय मी. इमेडिकेबल."

"तो गाळलाय. कोण वापरतं आता?"

"डॉक्टर. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून काल मला केला त्यांनी. मला सगळं ठाऊक असेल, असं धरूनच बोलत होते बिचारे."

सहसंपादकांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"अगं, तुला त्रास नको म्हणून..."

"ताईकडे जाऊन येते म्हटलं, तर 'बरी झालीस की जाऊ' म्हणालात. तेव्हा जिना उतरता येत होता मला. ताईचे गुडघे गेलेत, ती काही इकडे यायची नाही." तिने भिंतीकडे तोंड केलं. "घ्या लिहून. आजाराचं काय, तो आजारच होता; नवऱ्याचा भित्रेपणा मात्र असाध्य निघाला."

हाताला सवय होती. त्यांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या जिन्यात थांबून त्यांनी 'नवऱ्याचा' खोडलं आणि 'शेजाऱ्याचा' केलं.

"झकास," साहेब म्हणाले. "वहिनींच्या वाक्यात जीव असतो बघा. पण हे शेजारी कोण हो?"

"नवीनच आलेत," सहसंपादक म्हणाले.