आईचा अंगठा

आईचा अंगठा मशीनवर उमटला, सरकारने तिला जिवंत मानलं आणि अकराव्या दिवशी ती गेली.

यातलं अजून काहीच झालेलं नाही. नोव्हेंबर चालू आहे, आमच्या दातिवऱ्यात ऊन पडलंय आणि आई वलांडीच्या दोऱ्यांवर बोंबील वाळायला अडकवतेय.

अडचण अंगठ्याची आहे. बाबांच्या मागे मिळणारी पेन्शन चालू राहायला आईला दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. मीठ, बर्फ आणि कोळंबीचे काटे यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून टाकल्यात. डोळ्यांचं मशीन लावलं, तर मोतीबिंदू. बोईसरच्या सेवा केंद्रातल्या सपनाताई म्हणाल्या, "काकी, हात मऊ करून या. स्पा-बिपा करा."

"मी समोर उभी हाय ना गो?"

"मला दिसताय. मशीनला नाही."

स्पा निवडताना आधी आपली गरज ओळखावी, असं मी मोबाइलवर वाचलं. ताणतणाव, त्वचा, सांधेदुखी असे प्रकार दिले होते. 'हयात असणे' हा प्रकार नव्हता.

पहिल्या ठिकाणी हेअर स्पा होता. आई म्हणाली, "केस लावायचा काय मशीनला?"

दुसऱ्याच्या काचा काळ्या होत्या. दारावरचा माणूस आईकडे बघून मला म्हणाला, "भैया, फॅमिली के साथ नहीं." पाटीवर मात्र फॅमिली स्पा लिहिलं होतं.

तिसरा आनंदमेळ्यात सापडला, आकाशपाळण्याच्या बाजूला. फिश स्पा. काचेच्या टाकीत बोटभर मासे, ते म्हणे मेलेली कातडी खातात. आईने वाकून माल पाहिला, जन्मभर लिलावात पाहिला तसा.

"निम्या, याचं कालवण पण व्हायचं नाय."

"आई, आज ते जेवणार आहेत."

मालक म्हणाला, "माताजी, पैर डालिए. हाथ नहीं."

"पायाचा ठसा घेतात काय तिकडं?" म्हणत तिने दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. टाकीतले सगळे मासे धावत आले. बाकी गिऱ्हाइकांच्या पायांशी एकही उरला नाही. एक बाई तक्रार करायला उठली, पण आईचं तोंड पाहून परत बसली.

आई हसत होती. "गुदगुल्या करतात मेले. खा बाबांनो, खा. आमी तुमाला काय कमी खाल्लंय?"

 वेळ संपला तरी हात काढेना. आकाशपाळणा दोनदा भरला, दोनदा रिकामा झाला.

"चल ना आई."

"थांब रे. इतका वेळ माजा हात कोनी धरला नाय."

मी शेजारी उभा होतो. माझे दोन्ही हात खिशात होते. दोन्ही चालू स्थितीत होते.

केंद्रात तिसऱ्या खेपेला हिरवा दिवा लागला. आईने स्क्रीनकडे बोट केलं. "काय लिवलाय?"

"यशस्वी," सपनाताई म्हणाल्या.

"म्हनजे मी हाय."

परतताना गाडीत उमरोळी स्टेशन जाईपर्यंत ती स्वतःचा अंगठा बघत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ, पुन्हा बोंबील. अकराव्या सकाळी ती वलांडीखालीच बसली आणि उठली नाही. तेव्हा मी हात धरला. रेषा सगळ्या परत पुसल्या गेल्या होत्या. तो अंगठा आता कुठल्याही मशीनवर लागला नसता.

मृत्यूच्या दाखल्याला मात्र अंगठा लागत नाही. तो एका फेरीत मिळाला.

तेव्हा मी संबंधित कार्यालयास पुढीलप्रमाणे अर्ज केला आहे:

महोदय, श्रीमती जमना, राहणार दातिवरे, यांचा हयातीचा दाखला एक वर्षासाठी वैध असून त्यापैकी फक्त अकरा दिवस वापरण्यात आलेले आहेत. तरी उर्वरित तीनशे चोपन्न दिवस अर्जदाराच्या आईस वापरू देण्यात यावेत, ही नम्र विनंती. त्यासाठी अंगठा पुन्हा मऊ करावा लागल्यास माशांची आवश्यकता नाही. हात धरून बसण्यास अर्जदार स्वतः तयार आहे.