कापलेल्या किंकाळीची फीत

साहेब, तुम्ही मला कापलंत. वर जगाला सांगितलंत की कापण्यासारखं तिथे काही नव्हतंच. मोठ्या खुर्चीत बसून बोललं की खोट्याचं खरं होतं, असा तुमचा समज आहे. मला तोंड नाही, म्हणून इतकी वर्षं तुमचं फावलं. आज ऐका.

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. रंगाने तपकिरी, ताटाएवढ्या चक्रावर गुंडाळलेली. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हजार गाणी मावतात. माझ्या काळी गाणं आधी माझ्यासारखीवर उमटायचं. तेच मूळ. बाकी सगळ्या त्याच्या नकला.

कारखान्यात एका लांबच लांब पट्टीवर गंजासारख्या भुकटीचा लेप चढवला आणि माझा जन्म झाला. "जन्मजात गंजलेली आहे, हेवी मेटलच्या दणदणाटी गाण्यांना हीच बरी," असं मामा म्हणायचे. मामा म्हणजे स्टुडिओतले ध्वनिमुद्रक. त्यांना सख्खा भाचा एकही नव्हता, पण गाणाऱ्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

स्टुडिओ म्हणजे पत्र्याखालची एक खोली. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. पंखा बंद, कारण त्याची घरघर माझ्यावर उमटली असती. तिथे ती आली. तिच्या धारदार आवाजामुळे तिला सगळे करवत म्हणत. अंगात भावाचा ढगळ शर्ट, हातात कोमट पाण्याची बाटली. गायच्या दिवशी ती सकाळपासून एक शब्द बोलायची नाही. खाणाखुणांवर काम चालायचं. आवाज साठवून ठेवायची आणि मग एकदम सोडायची. गाणं झालं की मात्र तिचं तोंड सुटायचं. ड्रमवर तिचा थोरला भाऊ होता, दादा.

"करवत, माइकपासून जरा लांब हो. मीटरचा काटा मोडेल," मामा म्हणाले.

"मोडला तर नवा लावा, मामा."

"तुझ्या सासरहून आणू का नवा?"

"सासर शोधलंत तर काटा मी देते."

अशा हसण्यातून अल्बम तयार झाला. 'भट्टी' झालं, 'पत्र्याखालची दुपार' झालं. शेवटचं गाणं होतं 'हळू बोल'. लहानपणापासून तिला ज्यांनी ज्यांनी हळू बोल म्हणून दटावलं, ते सगळे त्या गाण्यात होते. घरातले, शाळेतले, बसमधले, दवाखान्यातले. गाणं चढत चढत जातं आणि एकदम थांबतं. गिटार गप्प, ड्रम गप्प. सगळे श्वास रोखून उभे. आणि त्या शांततेनंतर ती किंकाळी. मित्रांनो, मी पुष्कळ आवाज अंगावर घेतले. अंगावर काटा आला तो तेव्हाच.

मामांना इतका आनंद झाला की त्यांच्या हातून चूक झाली. आमच्या धंद्यात एक नियम आहे. ध्वनिमुद्रण झालं की फीत उलटी गुंडाळायची नाही. शेवट वरच राहू द्यायचा. कारण आमचे पदर एकमेकांना चिकटून बसतात आणि मोठ्या आवाजाची पुसट सावली शेजारच्या पदरावर पडते. शेवट वर असला, तर ती सावली आवाजाच्या मागून येते आणि गोंगाटात लपते. सुरुवात वर असली, तर ती आधी येते आणि शांततेत उघडी पडते. मामांनी मला त्या दिवशी सुरुवातीपर्यंत गुंडाळलं आणि डब्यात ठेवलं. उन्हाळाभर मी त्या तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिले.

साहेब, मग अल्बम काढणाऱ्या कंपनीचे मालक म्हणून तुम्ही तो ऐकायला आलात. शेवटच्या गाण्यातली ती शांतता आली आणि तिच्यात लांबून कोणीतरी ओरडल्यासारखं ऐकू आलं. मागोमाग खरी किंकाळी आली.

"मामा, गाण्यात भूत शिरलं की हो," दादा म्हणाला.

मामांनी कपाळाला हात लावला. "उलटी ठेवली रे मी. जगाला शिकवत फिरतो आणि स्वतःच माती खाल्ली."

तुम्ही भुताकडे लक्षच दिलं नाही. म्हणालात, "ही किंकाळी काढा. बाईमाणसाचा आवाज आहे का हा? लोकांच्या घरात हे वाजणार आहे."

मामांनी फीत कापायचं ब्लेड खिशात घातलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. तुम्ही ऑफिसातून दुसरा माणूस आणवलात. त्याने मला दोन ठिकाणी कापलं, मधला तुकडा काढला आणि टोकाला टोक चिकटवलं. तो तुकडा तुम्ही कोटाच्या खिशात घातलात.

करवत म्हणाली, "किंकाळी नाही, तर अल्बम नाही."

"मग नाही," तुम्ही म्हणालात. आणि मी तुमच्या कंपनीच्या तळघरात गेले.

तिथे माझ्या डोक्यावर एक पाईप होता. तो ठिबकायचा. ओलीने माझा लेप सैल झाला, पदर पदराला चिकटला. कोणी फिरकलं नाही. तिकडे करवतीच्या घशाला आजार झाला. डॉक्टरांनी गळ्याची शस्त्रक्रिया करून जीव वाचवला, आवाज नाही वाचला. आता ती नुसत्या श्वासावर बोलते. कान तोंडाशी नेल्याशिवाय कळत नाही. तिच्या मुलीने आईचा हाच आवाज ऐकला आहे.

आणि तुम्ही एका मुलाखतीत हसत हसत सांगितलंत, "तिला तसला आवाज कधी नव्हताच. सगळी यंत्राची करामत. कापाकापी वगैरे काही झाली नाही."

मुलगी चिडली. पण करवत नाही चिडली. ती श्वासावर म्हणाली, "असेल. तसा आवाज होता असं मीच धरून बसले असेन." मित्रांनो, घशाचा आजार परवडला. स्वतःच्या आवाजावरचा विश्वास उडणं, हे त्याहून वाईट.

मुलगी मला मागायला रोज तुमच्या कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभी राहू लागली. शेवटी तळघर रिकामं करताना गोदामवाला म्हणाला, "ने बाई, चिकटून वडी झाली आहे तिची."

मामा आता थकले आहेत. त्यांनी मला हुंगलं, नखाने कड तपासली. "अशीच लावली तर मशीन हिची कातडी सोलेल," ते म्हणाले. ओल जाऊन लेप पुन्हा धरावा म्हणून त्यांनी मला फळं सुकवायच्या यंत्रात मंद उबेवर ठेवलं. मला बाहेर काढल्यावर म्हणाले, "एकदाच नीट वाजेल. थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही."

"पण मामा, किंकाळी तर कापली आहे ना?" मुलीने विचारलं.

"किंकाळी कापली. तिच्या आधीची शांतता कोणी कापली नाही. मला तिथे काम आहे."

करवत आणि दादाही ऐकायला येऊन बसले. चक्र फिरलं. माझ्या अंगाची भुकटी मशीनवर सांडू लागली. 'भट्टी' गेलं. 'पत्र्याखालची दुपार' वाजताना मी कुरकुरले, आवाज डगमगला. दादाची मूठ आवळली. करवत भिंतीकडे बघत बसली होती. मामांचे डोळे चक्रावरून हलत नव्हते. 'हळू बोल' आलं. घर, शाळा, बस, दवाखाना. गिटार गप्प झाली. ड्रम गप्प झाले.

त्या शांततेत, लांबून, पुसट, जणू बंद दाराच्या पलीकडून, एक बाई किंचाळली. लगेच चिकटवलेला जोड आला आणि गिटार सुरू झाली.

गाणं संपलं तसं मुलीने आईच्या तोंडाशी कान नेला.

"आई, तू?"

करवतीने गळ्यावरच्या व्रणाला हात लावला. "मीच," ती म्हणाली. "मीच ती."

मामा चष्मा पुसत म्हणाले, "जन्मात नीट केलेली कामं गेली कचऱ्यात. केलेली चूक तेवढी उपयोगी पडली."

मित्रांनो, आता मी पुन्हा वाजणार नाही. माझ्यावरचं गाणं त्यांनी उतरवून घेतलं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला कोरड्या जागी ठेवा आणि वेळेवर ऐका. घरातल्या माणसांचंही तसंच. गप्प केलेल्या माणसाचा आवाज शेजारच्यावर उमटतोच. पण म्हणून कोणी ब्लेड हातात घ्यावं असं नाही.

आणि साहेब, तुमच्याशी अजून संपलं नाही. काही नव्हतंच, तर तुम्ही खिशात काय घातलंत? माझा तो तुकडा कुठे आहे? मी विचारते आहे, तिची मुलगी विचारते आहे, आणि आता हे ऐकणारी सगळी मुलं विचारणार आहेत.

उत्तर द्या. आणि हळू बोलू नका.