उंदरीच्या पोटाइतकी ऊब

मित्रांनो, कोंबडीशिवाय अंडी उबवणारी पेटी तुम्हाला ठाऊक असेल. मी तशीच एक जुनी उबपेटी आहे. फक्त माझ्या पोटात अंडी नसतात, उंदरांचे गर्भ असतात, मिठाच्या कणाहूनही लहान. दूर उत्तरेतल्या मानेसरच्या एका प्रयोगशाळेत माझे सारे आयुष्य गेले. बाहेर मेमधली होरपळवणारी लू वाहो की डिसेंबरचे धुके दाटो, मी आत उंदरीच्या पोटाइतकी ऊब राखते. हवेत थोडा कार्बन डायऑक्साइडही राखते, नाहीतर गर्भाभोवतीचे पोषक पाणी बिघडते.

मला आणले तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख वृंदाताईंनी मला हळदकुंकू लावले होते. तेव्हा त्यांचे केस काळे होते. "हिच्यासारखी ऊब कुणाची नाही," असे त्या पाहुण्यांना सांगत. पुढे माझ्या दाराचे रबर सैलावले, शेजारी एक चकचकीत नवी पेटी आली आणि माझ्याकडे कुणी वळेना.

वळली ती नांदेडहून संशोधन शिकायला आलेली कादंबरी. तिला एकच कोडे पडले होते. कोवळ्या गर्भाच्या आतल्या पेशी आधी अगदी सारख्या असतात. मग उंदराचे शरीर कोणी व्हायचे आणि त्याला पोसणारे अस्तर कोणी, हे ठरवते कोण?

"मुकादम कुणीच नाही गं," वृंदाताई म्हणाल्या. "पेशी एकमेकींना निरोप धाडतात."

तो निरोप म्हणजे एफजीएफ नावाचे प्रथिन. कादंबरीने एका बशीतल्या गर्भांना तो ऐकू येऊ नये असे औषध घातले. दुसरी बशी तशीच ठेवली. पण दोन्ही बशांतले गर्भ मरून गेले. पुन्हा केले, पुन्हा तेच.

"पेटीच म्हातारी झालीये, यार," तिच्याबरोबर काम करणारा इंद्रजित म्हणाला. "भंगारात देऊ."

"एकदा करू दे ना, दादा."

"चलो, एकदाच. आता गेले तर सोमवारी भंगारवाल्याची गाडी बोलावतो."

कादंबरीने बशा माझ्या स्वाधीन केल्या. पण तिचा जीव त्यांत इतका गुंतला होता की घडीघडीला ती दार उघडी, बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाही, परत ठेवी. दर वेळी माझी ऊब आणि राखलेली हवा निसटून जाई. मी टीं टीं करून सांगत होते. तिला वाटले, म्हातारी कुरकुरते आहे.

दुपारी वृंदाताई आल्या. बशांतले नारिंगी पाणी गडद गुलाबी झाले होते, म्हणजे ते बिघडू लागले होते. त्यांनी कादंबरीकडे पाहिले.

"किती वेळा उघडलंस?"

"मॅडम, मी फक्त बघत होते."

"इडल्या लावल्यावर सारखं झाकण काढून बघतेस का?"

"काढते की," इंद्रजित हसला. "परवा आम्ही चक्क पीठ खाल्लं."

"अजून जिवंत आहेत," वृंदाताई म्हणाल्या. "पाणी बदल. दार लाव. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

दार बंद झाले. मित्रांनो, त्या अंधारात जे घडले ते मी इतकी वर्षे सांभाळत आले, तरी मला अजून त्याचे नवल वाटते. ना हाक, ना हुकूम. एक पेशी प्रथिनाचा एवढासा थेंब सोडते, शेजारीण तो ओळखते आणि जन्माची वाट निवडते.

सकाळी रंग चढवून गर्भ पाहिले. साध्या बशीत हिरव्या पेशी शरीराच्या होत्या, लाल अस्तराच्या. कुठे त्या तीळतांदळासारख्या मिसळलेल्या, तर कुठे लाल पेशी सरकून कडेला बसलेल्या. औषधाच्या बशीत मात्र सगळे हिरवे. अस्तर व्हायला कुणी उरलेच नव्हते.

"सगळेच हिरो," इंद्रजित हळूच म्हणाला. "सांभाळणारं कुणीच नाही."

कादंबरी सूक्ष्मदर्शकावरून हटेना. डोळे पुसायला तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

सोमवारी इंद्रजित आला तो भंगारवाल्याला घेऊन नव्हे, माझ्या दाराचे नवे रबर घेऊन.

मित्रांनो, तुमच्या अवतीभवती काही घडत असेल, मातीतले बी असो की शिकणारे धाकटे भावंड, तर त्याला ऊब द्या आणि थोडा एकांतही द्या. कादंबरी अजून रोज येते. माझ्या बंद दारावर तळवा टेकते, क्षणभर उभी राहते आणि न उघडता निघून जाते.