शपथेबाहेरचा सण

"अवो बाई, जे खायाचं थे फेकून राहिल्या, अन् जे फेकायाचं थे दारात ठेवता?"

पंचफुलेला हसू आवरेना. मडमेनं चांगलं पायलीभर मापाचं कोहळं, लाल भोपळाच तो, देठाशी कापलं होतं आणि आतला पिवळाधमक गर ती पळीनं खरवडून घमेल्यात टाकत होती. राहिलेल्या टरफलाला म्हणे डोळे पाडायचे, दात पाडायचे आणि आत मेणबत्ती लावून ते ओसरीत ठेवायचं.

"हा गर मी नेऊ का?"

"ले जाओ, सब ले जाओ," मडम म्हणाली.

एकसष्ट सालातली गोष्ट. मडमेचा नवरा कपाशीच्या किडीचा अभ्यास करायला अमेरिकेहून अकोल्याला आला होता. पंचफुला पावसाळ्यापासून त्यांच्या बंगल्यात धुण्याभांड्याला होती. मडमेचं हिंदी हातपाय मोडलेलं असलं, तरी माणूस मोकळं होतं. आठ दिवसांपासून तिची त्यांच्याकडच्या कुठल्याशा सणाची तयारी चालली होती. काळ्या कागदाची वटवाघळं कापून झाली होती, साहेबलोकांच्या पोरांना आवतणं गेली होती. पोरांच्या भुताच्या सोंगांसाठी चांगल्या धडधाकट चादरींना भोकं पाडणं तेवढं बाकी होतं.

"पन बाई, हा सन कशाचा व्हय?"

"बहुत पुराना बात है. उस शाम मरा हुआ लोग वापस आता. अपने घर आता." मडमेनं बोटांचे पंजे करून दाखवले. "दरवाजे पर आता, मीठा माँगता. देना पड़ता! नहीं तो गुस्सा!"

आणि ती खळखळून हसली. पंचफुलेचा हात घमेल्यातच थांबला.

"म्हातारेच येते का? का बच्चे बी?"

"बच्चे ही तो आता!" मडमेच्या डोळ्यांपुढे आपल्या पार्टीची पोरं होती. पंचफुलेच्या डोळ्यांपुढे कोण होतं, हे त्या बिचारीला कसं ठाऊक असणार?

पंचफुलेचा श्रावण जेठ महिन्यात गेला. सात वर्षांचा, एकुलता एक. जुलाब-ओकाऱ्यांनी एका दिवसात होत्याचं नव्हतं झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडात काही घालू नका म्हणून बजावलं होतं, आणि पोरगं सारखं कोहळ्याची गोड बोंडं मागत होतं. "बरा हो, मंग करतो," असं म्हणत पंचफुलेनं त्याला संध्याकाळपर्यंत झुलवलं. संध्याकाळी तो उपाशीच गेला. पोटचं पोर मेल्याचं दुःख असतंच, पण ते भुकेलं गेलं, हे आईला जगू देत नाही.

पितृपक्षात शेजारची गोदाबाई पाटलीण म्हणाली होती, "एक घास तरी काहाळून ठेव वं." पंचफुलेनं नकारार्थी मान हलवली. पाच वर्षांपूर्वी नागपूरला नवऱ्याच्या खांद्यावर दोन वर्षांचा श्रावण होता, आणि लाखो माणसांत तिनं स्वतःचा हात वर करून शपथ घेतली होती. श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही. त्या शपथेनं ती पहिल्यांदा ताठ उभी राहिली होती. ती मोडायची नव्हती. मात्र शेजारच्या वड्यांचा वास येऊ नये म्हणून तिनं पंधरा दिवस दार लावून घेतलं.

"बाई, उद्या मंगळवारी सांजच्याला मले सुट्टी द्या."

"उसी दिन? पार्टी है, पंचफुला!"

"माह्या घरी बी येनार हाय ना. माहा श्रावन."

"तुम्हारा बेटा! कितना बड़ा?"

पंचफुलेनं शेजारी उभ्या असलेल्या नॅन्सीच्या, मडमेच्या लेकीच्या, कानाशी हात धरला. मडमेनं लगेच एक पांढरी चादर त्या मापानं कापली, डोळ्यांच्या जागी दोन गोल पाडले आणि घडी करून पंचफुलेच्या हातात ठेवली. खरं काय ते तिथेच सांगायला हवं होतं. पण पाच महिन्यांत श्रावण केवढा आहे, असं तिला कोणीही विचारलं नव्हतं. तिच्यानं बोलवलं नाही.

मंगळवारी तिनं भुई सारवली. गर शिजवून त्यात गूळ, कणीक आणि चिमूटभर मीठ घालून बोंडं तळली. दिवेलागणीला उंबऱ्याजवळ पाट मांडून पुढे ताटली ठेवली, आणि चादरीची घडी पाटावर ठेवली.

एवढ्यात तिचा नवरा देवमन सरकी काढायच्या जिनातून आला. डोक्यात अजून कापूस होता. चपला उंबऱ्यातच काढून तो आत आला, पाट पाहिला आणि त्याचा आवाज चढला.

"श्राद्ध मांडलं का वं तू?"

"नाई. हे आपल्या जुन्यातलं नोय. ना मंत्र, ना पिंड, ना कावळा. हे अमेरिकेचं हाय. मडमेनं सांगतलं, आज सांजच्याला गेलेले लेकरं घरी येते."

"आपुन शपथ घेतली व्हती!"

"मीबी घेतली. मोडली नाई." तिनं भिंतीवरच्या छापील प्रतिज्ञांकडे बोट दाखवलं. "तुमाले वाचता येते. पाहा, यात अमेरिकेचं काई लिवलं हाय का?"

देवमनला त्या बावीसही पाठ होत्या. तरी तो भिंतीजवळ गेला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून आला. परतला तेव्हा आवाज उतरला होता.

"भुतं नसते, पंचफुला."

"मले ठाऊक हाय. म्या भूत कुठी म्हनलं? म्या पोरगं म्हनलं."

देवमन खाली बसला. चादर उलगडून त्यानं ती दोन भोकं पाहिली आणि तशीच घडी घातली. श्रावणला मातीत ठेवताना तो रडला नव्हता. वस्तीत शहाणा माणूस म्हणून त्याला मान होता. लोक बघत होते. आता बघायला कोणी नव्हतं. तो बाहीत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला आणि पंचफुला त्याच्या केसांतला कापूस एकेक करून वेचत राहिली.

बाहेर अंधारून आलं. गल्लीतली पोरं आपापल्या आयांच्या हाकांनी घरोघर गेली. बोंडं निवली.

"कवालोक असते त्यायचं येनं? किती वाजेलोक?" देवमननं विचारलं.

"मडमेनं सांगतलं नाई. म्याच इचारलं नाई."

देवमननं दाराकडे पाहिलं. मग उठला, उंबऱ्यातल्या आपल्या चपला उचलल्या आणि वाट मोकळी करून भिंतीशी ठेवल्या.