नऊ किलो

टॉवेलात गुंडाळलेली पोलादी प्लेट धाकट्या बहिणीनं लष्करी तळाच्या फाटकाच्या गजांमधून आत सरकवली आणि वैमानिकांची आसनं बसवणाऱ्या आसनवालीनं ती दोन्ही हातांनी धरली. ताटाएवढी, बोटभर जाड.

“बरोबर नऊ किलो,” बहीण म्हणाली. “रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून आणलीय. माझी पोरगी हडकुळी, तू तिच्या आसनाखाली नऊ किलो शिसं घालणारच. त्याऐवजी ही पाठीशी घाल. वजन तेवढंच ना?”

“तेवढंच.”

“मग घालशील?”

“घालते.”

वजन तेवढंच होतं, जागा तेवढी वेगळी होती. तळावरच्या लढाऊ अंतराळयानाला सगळे चिलट म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. अंगठा दाबला तर खळगा पडेल असा त्याचा पत्रा. बोटातली अंगठी काढल्याशिवाय हात लावायचा नाही, शिंक आली तर तोंड फिरवून द्यायची. चिलटाचं काम एकच. मोठ्या जहाजांच्या पुढं सुसाट जायचं, खडकांच्या पट्ट्यात दडलेल्या तोफांना आपल्यावर मारा करायला लावायचं आणि गोळा पोचायच्या आत वळायचं. तोफ कुठं आहे ते कळलं की मागून जहाजं तिचा समाचार घेत. वेळेत वळणं हेच चिलटाचं चिलखत. म्हणून वैमानिकाचं वजन कमी भरलं तर तेवढं शिसं आसनाखालच्या लाल रेघेवरच ठेवायचं. वजन वीतभर मागं गेलं की शेपूट जड होते आणि वळायला क्षणभर उशीर होतो.

हे ती पुस्तकातून शिकली नव्हती. तीन वर्षांपूर्वी लंबू नावानं सगळ्यांना ठाऊक असलेला एक वैमानिक होता, येता-जाता तिच्या डब्यात हात घालणारा. मायेपोटी, कुणाला न सांगता, तिनं त्याच्या पाठीशी अशीच एक प्लेट घातली. त्याचं वळण तिनं हँगरमधल्या पडद्यावर पाहिलं. कुणी तिला काही विचारलं नाही. विचारायला आसन तरी परत यायला हवं. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला, आणि तेव्हापासूनच तिला कशाचंच फारसं काही वाटेनासं झालं. भूक लागायची म्हणून ती जेवायची.

बहिणीला हे सांगता आलं असतं. पण मग लंबूचंही सांगावं लागलं असतं.

तिनं प्लेट कोठीत फोमच्या गठ्ठ्यांमागं ठेवली आणि शिसं लाल रेघेवर बसवलं. दुपारी भाची आसनात येऊन बसली.

“मावशी, आईनं काही दिलंय का गं तुझ्याकडं? दोनदा वजन विचारलं मला.”

“तिला काय, विचारतच असते. मान सरळ ठेव.”

“पाठ अगदीच मोकळी लागतेय.”

“मोकळीच असते.” तिनं पट्टा एक घर आवळला. मग तोच पट्टा पुन्हा तपासला.

अकरा चिलटं गेली. पडद्याकडं पाठ करून ती फोमचे तुकडे कापत बसली, कुणालाच नको असलेल्या मापाचे. सात परत आली. भाचीचं चौथं होतं. पंखाला आरपार भोक होतं आणि पोरगी पाणी मागत होती. मावशीनं पाणी दिलं. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं.

संध्याकाळी फाटकावर बहिणीनं तिला घट्ट मिठी मारली.

“तुझ्यामुळं वाचली गं. त्या प्लेटमुळं वाचली.”



बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी तीन बाया उभ्या होत्या, तिघींच्या हातांत काहीतरी जड, गुंडाळलेलं. पहिलीची प्लेट तिनं घेतली, दुसरीची घेतली. दोघींना “घालते” म्हणाली. तिसरी लंबूची आई होती.

“धाकटाही आता चिलटावर लागलाय, ताई. कडा घासून आणल्यात, टोचायला नकोत त्याला.” बाईनं प्लेट गजांपाशी धरली. “मोठ्याच्या वेळी मला हे सुचलंच नाही बघा. सुचलं असतं तर आज असता.”

आसनवालीनं हात पुढं केले नाहीत. ती फाटकाची कडी काढू लागली.

“ती राहू द्या तुमच्याकडंच,” ती म्हणाली. “आत या. तुमच्या मोठ्याच्या आसनाचं सांगायचंय.”